भाचीला कमी दिसतं, जूनपासून पुण्यात कॉलेज. लेखनिक, नोट्स, वसतिगृह... सुरुवात कुठून करू?

रेवा_सातारा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझी भाची (बहिणीची मुलगी) यंदा बारावी आर्ट्स झाली. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. समोरचं नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि दिवेलागणीनंतर हात धरल्याशिवाय चालता येत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, टक्केवारी चाळीसच्या बरीच वर आहे. बोर्डाला लेखनिक (ती सांगेल तसा पेपर लिहून देणारा) आणि जादा वेळ दोन्ही मिळालं. ज्युनियर कॉलेजच्या बाईंनीच सगळे कागद केले, त्यामुळे आम्हाला त्यातलं काहीच कळलं नाही.

आता तिला पुण्यात बीए अर्थशास्त्र करायचंय, मराठी माध्यमातून. परवा एका कॉलेजात चौकशीला गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी "दिव्यांगांचं काय ते परीक्षेच्या वेळी बघू" म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली. बहीण तेवढ्यावरच घाबरली. म्हणते साताऱ्यातच राहू दे, घरून जाईल. भाची ऐकायला तयार नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला नक्की काय विचारायचं? काय मागायचा हक्क आहे आणि काय विनंती करून मिळवायचं? वसतिगृहाचं कसं? कोणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.

अंधुक

रेवा, "परीक्षेच्या वेळी बघू" हे मी बीएला ऐकलंय आणि एमएलाही. मलाही आरपीच (रेटिनायटिस पिगमेंटोसा) आहे. सध्या बँकेत नोकरी करतो.

आधी परीक्षेचं सांगतो, कारण ते त्यातल्या त्यात सोपं. परीक्षेचा अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरलाच पाहिजे. तो कोरा राहिला की हॉल तिकीट साधं येतं आणि मग परीक्षा विभागाचे खेटे सुरू. लेखनिकाचा अर्ज वेगळा. त्यावर प्राचार्यांची सही, यूडीआयडीची प्रत, लेखनिकाचं ओळखपत्र आणि गुणपत्रिका.

केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या, २०२५ मध्ये त्या सुधारल्या. सध्याच्या छापून फाइलमध्ये ठेवा. २०१८ च्या सूचनांत होतं ते असं. तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास, दोन तासांच्या पेपरला दोन तास चाळीस मिनिटं. लेखनिक स्वतः आणा किंवा संस्थेकडे मागा. संस्थेने दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता आलं पाहिजे. विषयागणिक लेखनिक बदलता येतो. स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण मात्र परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं हवं, आणि गाडी तिथेच अडते. एफवायच्या मुलीला अकरावीतलं मूल शोधायचं, त्याचे क्लास, त्याची चाचणी, त्याच्या आईची परवानगी. भावकीतलं, सोसायटीतलं कोणी असेल तर आत्तापासून सांगून ठेवा, आणि एक नाही, दोघं-तिघं.

अर्थशास्त्र आहे म्हणून मुद्दाम लिहितो. आकृत्या लेखनिकाला तोंडी सांगून काढून घ्यायच्या असतात आणि त्याला बिचाऱ्याला मागणी वक्र म्हणजे काय हे ठाऊक नसतं. "मागणी वक्र काढ" म्हणून भागत नाही. "उभी रेघ, आडवी रेघ, दोन्ही कोपऱ्यात मिळतात. तिथे शून्य लिही. उभीच्या टोकाला किंमत, आडवीच्या टोकाला नगसंख्या. आता वर डावीकडून सुरू कर आणि उजवीकडे खाली उतरत ये, तिला म-म नाव दे," असं बोलावं लागतं. बोलायचा सराव नसेल तर एका आकृतीत दहा मिनिटं जातात. मी आमच्या मजल्यावरच्या मुलाला घेऊन पेपराच्या आदल्या रविवारी नुसत्या आकृत्या काढून घ्यायचो. त्याला त्यातून अर्थशास्त्राची गोडी लागली आणि पुढे त्याने कॉमर्स घेतलं, ते जाऊ दे.

हे झालं परीक्षेचं. परीक्षा वर्षातून दोनदा. भाचीचं घोडं अडेल ते मधल्या महिन्यांत, वाचायला काय मिळतं यावर. त्याबद्दल जेवून येऊन लिहितो.

मिरची_भजी

वाचतेय. माझ्या चुलतभावालाही उपयोगी पडेल. रेवा, एसटीच्या सवलतीचं कार्ड काढलं का? चाळीस टक्क्यांच्या वर ७५ टक्के सूट असते, सातारा-पुणे येण्याजाण्यात बराच फरक पडेल.

खडूफळा

मी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि आमच्या समान संधी केंद्राचं काम माझ्याकडे आहे. "आहे" म्हणजे स्टाफ मीटिंगमध्ये कोणीच हात वर केला नाही, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पण पडलं ते बरं झालं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कलम ३२ नुसार शासकीय आणि शासनाचं अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखायच्या असतात आणि वयात ५ वर्षांची सूट द्यायची असते. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हा वर्ग अनुदानित आहे का? एकाच कॉलेजात बीए अनुदानित आणि शेजारचा नवा अभ्यासक्रम विनाअनुदानित असं सर्रास असतं.

कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक आहेच, शिवाय अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करण्याचंही म्हटलंय. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही त्यातच येते. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. पण खिडकीवर कलमं ऐकवू नका. तिथला माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. प्रवेश झाला की प्राचार्यांच्या नावे एक अर्ज द्या, त्यात काय काय लागेल ते लिहा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या. तोंडी बोललेलं पुढच्या सत्रात कोणाला आठवत नाही, त्यात क्लार्कची बदली होते.

अंधुक यांनी विद्यापीठाच्या परीक्षेचं लिहिलं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वाढलेत आणि तिथे लेखनिकाचं कोणी बघत नाही. वर्गचाचणी शिक्षक ऐनवेळी जाहीर करतो. गूगल फॉर्मवर वीस प्रश्न, पंधरा मिनिटं. भरपाई वेळेचा नियम त्यालाही लावा, असं अर्जात स्पष्ट लिहा. सूचना अधूनमधून सुधारल्या जातात, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक मागून घ्या. जुनं छापील दाखवलं तर "हे आता लागू नाही" म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं.

रोखठोक

शिव्या पडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. ज्यांना खरोखर दिसत नाही त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. पण आजकाल ज्याला त्याला काहीतरी असतं. लिहायला त्रास होतो, लक्ष लागत नाही, चिंता वाटते. द्या एक तास जास्त! बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या वाचतोच आपण. बाकीची पोरं घड्याळाकडे बघत पेपर सोडवतात, त्यांनी काय घोडं मारलंय?

आदूची_आई

रोखठोक, माझ्या मुलाला डिस्ग्राफिया आहे. म्हणजेच तुमचं ते "लिहायला त्रास होतो". तोंडी विचाराल ते सांगेल. लिहायला बसला की ओळीत अक्षरं मावत नाहीत, अर्ध्या तासाने बोटं वळत नाहीत. अध्ययन अक्षमता त्या एकवीस प्रकारांत आहे, कोणाच्या मनाला आलं म्हणून नाही.

प्रमाणपत्र कसं मिळतं तेही ऐका. आम्ही मुंबईत सायन रुग्णालयात केलं. बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी, बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक, प्रत्येकाची वेगळी तारीख, आणि त्यात शाळेचा अहवाल. कोणी मजा म्हणून करत नाही हो.

रेवा, तुम्हाला लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या आयांसाठी लिहून ठेवते. २०१८ च्या मूल्यमापन सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची आणि अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालायचं. २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या, आत्ताच्या बघून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र आहे म्हणून निवांत राहिलात तर नेमकं कॉलेजच्या पहिल्या वर्षी ते जुनं ठरतं. तारीख आधीच घेऊन ठेवा.

खडूफळा

रोखठोक, भरपाई वेळ का ते एकदा लेखनिकाच्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून बसलात की कळेल. प्रश्न वाचून घ्यायचा, उत्तर मनात रचायचं, बोलायचं, संज्ञांची अक्षरं सांगायची, लिहिलेलं पुन्हा वाचून घ्यायचं, चुकलं असेल तर खोडायला लावायचं. हे सगळं करून माझे विद्यार्थी चौथ्या तासालाही शेवटचा प्रश्न अर्धाच सोडून उठतात.

"ज्याला त्याला काहीतरी" याबद्दल. लेखनाची अडचण असलेल्या एका यूपीएससी उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो चाळीस टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार खटल्यात तो नकार चुकीचा ठरवला. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी तीच लावता येणार नाही, आणि काही जण गैरफायदा घेतील म्हणून गरजूंना नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. बनावट प्रमाणपत्र देणाऱ्याला पकडा, जरूर पकडा. त्यासाठी याच कायद्यात शिक्षेचं कलम आहे.

रोखठोक

ठीक आहे, २०२१ च्या निकालाचं माहीत नव्हतं. तरीही तपासणी कडक हवी हे माझं मत कायम. बाकी रेवाताईंच्या भाचीला शुभेच्छा.

अंधुक

आलो. आता वाचायचं.

मराठी माध्यमाच्या अंध मुलाला इंग्रजी माध्यमाच्या अंध मुलापेक्षा दुप्पट त्रास आहे, आणि त्याला कारण डोळे नाहीत, फाँट आहेत. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा) फुकट मिळतो, मराठी वाचतो, आवाज यंत्रासारखा आहे पण आठवड्यात कान तयार होतो. फोनवर टॉकबॅक असतंच. पण वाचणार काय? सर नोट्स देतात त्या कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेल्या. डोळ्यांना तिथे "महाराष्ट्र" दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर ती वाचतो: ई जी के जे के... पानभर हेच. झेरॉक्सवाल्याकडची पीडीएफ म्हणजे तर पानांचे फोटो. त्यावर तो "रिकामं पान" म्हणून मोकळा होतो.

उपाय असे. कृतिदेव, श्रीलिपीतून युनिकोड (ज्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात) करणारी परिवर्तकं नेटवर आहेत, पण त्यासाठी मूळ वर्ड फाइल हवी. म्हणून सरांकडे पीडीएफ मागू नका, वर्ड फाइल मागा. फोटोवाली पीडीएफ असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची, मजकूर सुटा होऊन येतो. जोडाक्षरं चुकतात, दोन स्तंभ असले की ओळी एकमेकांत घुसतात आणि तक्त्यांचा पार चिवडा होतो. कोणीतरी डोळस माणसाने एकदा नजर टाकावीच लागते.

सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथे नाव नोंदवा. इंग्रजीत बरंच काही आहे, मराठी पाठ्यपुस्तकं कमी. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून आहे, वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. सगळीकडे एकदा जाऊन या. काही मिळो न मिळो, चार सीनियर मुलं भेटतात आणि कोणत्या विषयाच्या फाइल कोणाकडे आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं.

कर्णोपकर्णी

अंधुक यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, टीवायबीकॉमला आहे. परीक्षेत त्याला काहीच अडचण नाही. लेखनिक नको, वेळ नको. अडचण जून ते ऑक्टोबर. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात की ओठ दिसत नाहीत. वर्गात फिरत फिरत नोट्स सांगणारे आणखी वेगळे. तो डावीकडे बघेपर्यंत सर उजवीकडे. कॉलेजला विचारलं काय सोय कराल, तर म्हणाले, "परीक्षेला अर्धा तास जास्त देतो की!"

शेवटी दोन गोष्टींनी निभावलं. फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब, ते मराठीही लिहितं. सर लांब असले किंवा पंखा खडखडत असला की त्याचा बोजवारा उडतो, मग फोन सरांच्या टेबलावर ठेवायचा. आणि वर्गातल्या दोन मुली ज्या व्यवस्थित नोट्स काढतात, त्या रोज फोटो पाठवतात. दुसरी सोय कॉलेजने अधिकृत करायला हवी होती. एनएसएसच्या तासांत ते काम मोजा असं सुचवलं, विचार करतो म्हणाले.

टेक्सासकर

इकडचं थोडं लिहितो, इकडे येणाऱ्या मुलांना उपयोग होईल. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा दिव्यांग कायदा, या दोन्हींमुळे बहुतेक विद्यापीठांत यासाठी वेगळं कार्यालय असतं. परदेशी विद्यार्थ्यांनाही ते लागू. पण शाळेत असते तशी विद्यापीठाने स्वतःहून मुलाला शोधायची पद्धत नाही. विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचं, कागद द्यायचे. मग ते प्राध्यापकांना पत्र देतात, ज्यात फक्त काय सोय द्यायची ते असतं, आजाराचं नाव नसतं. पेपर वेगळ्या परीक्षा केंद्रात, पुस्तकाची वाचता येणारी फाइल कार्यालय प्रकाशकाकडून मागवून देतं.

सगळं गोड नाही. मूल्यमापनाचे कागद जुने आहेत म्हणून परत पाठवतात, आणि नवी तपासणी खिशाला चांगलीच चाट लावते. आपले आईवडील मुलांना बजावून पाठवतात, "कोणाला सांगू नकोस, व्हिसाला अडचण येईल." या कार्यालयात नाव नोंदवल्याने व्हिसाला काही होत नाही. आजारपणामुळे कमी क्रेडिट घ्यायचे असतील तर मात्र विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विभागाची परवानगी घ्यायची. आधी विषय सोडून मग परवानगी मागितली की एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) खरोखर धोक्यात येतो. इंग्लंडमध्ये शिकणारी माझी मावसबहीण सांगते की तिकडचा दिव्यांग विद्यार्थी भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, पण २०१० च्या समानता कायद्याखालच्या सोयी विद्यापीठाला द्याव्याच लागतात.

चौथं_चाक

व्हीलचेअरवरून सिव्हिल डिप्लोमा, मग डिग्री केली, म्हणून रॅम्पबद्दल अधिकाराने बोलते. आमच्या कॉलेजात रॅम्प होता. उद्घाटनाची पाटीही होती. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हे प्रमाण आम्हालाच दुसऱ्या वर्षी शिकवलं, आणि तो रॅम्प जेमतेम पाच फुटांचा. दोघांनी ढकलल्याशिवाय चढणं नाही, आणि उतरताना देवाचं नाव. दिव्यांगांचं स्वच्छतागृह कुलूपबंद, आत झाडू आणि फिनेलचे कॅन. मी सकाळी पाणी न पिता जायचे. हे लिहिताना आत्ताही राग येतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सोय कोणती सांगू? वर्ग खाली आणणं. तिसऱ्या मजल्यावरचं लेक्चर तळमजल्यावर घ्यायला एक रुपया लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्याने जुलैमध्ये ते लक्षात घ्यायला लागतं. नंतर सांगितलं की "आता सगळ्यांचं हलवावं लागेल" म्हणतात, आणि त्यांचंही खरंच असतं.

रेवा, तुमच्या भाचीला संध्याकाळी दिसत नाही म्हणताय. हिवाळ्यात सहाला अंधार. शेवटचं लेक्चर किती वाजता संपतं, वसतिगृह आवारात आहे की बाहेर, वाटेत दिवे आहेत का, पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारून देतील का, हे बघायला एकदा संध्याकाळी सातला तिकडे जा. सकाळी अकराला गेलात तर सगळंच छान दिसतं.

जोशीकाका_निवृत्त

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, कर्वेनगरला राहतो. अक्षर चांगले आहे. लेखनिक म्हणून यायला तयार आहे, कोणाला संपर्क करावा?

अंधुक

काका, मनापासून आभार, पण तुम्ही पदवीधर म्हणजे एफवायच्या मुलीसाठी तुमचं शिक्षण जास्त! नियमाचा उद्देश बरोबर आहे, लेखनिकाने उत्तर सुचवू नये. त्यामुळे ज्यांच्याकडे वेळ आहे अशी सगळी निवृत्त मंडळी मात्र बाद होतात.

त्याहून मोठं काम आहे. वर लिहिलं तशा फाइल सुधारायच्या. ओसीआर केलेल्या (फोटोतून मजकूर सुटा केलेल्या) पानांवरून नजर फिरवून जोडाक्षरं दुरुस्त करणं, तक्ते नीट मांडणं, आकृतीच्या जागी दोन ओळींत ती कशी आहे ते लिहिणं. नाहीतर धडे वाचून फोनवर रेकॉर्ड करणं. वाचताना पान क्रमांक बोलायचा, कंस सुरू, कंस पूर्ण म्हणायचं, आकडे सावकाश.

जोशीकाका_निवृत्त

हे जमेल. पण पुस्तक असे स्कॅन करून देणे कायद्यात बसते का? नोकरीत असल्यापासून सवय आहे विचारायची.

खडूफळा

बसतं, काका. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तसा अपवाद घातला. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचता येईल अशी प्रत बिनानफा तत्त्वावर करता येते. याच विषयावरचा मराकेश करार भारताने २०१४ मध्ये स्वीकारला, आणि तो स्वीकारणारा भारत पहिला देश. फक्त ती फाइल सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर फिरवायची नाही.

बोलघेवडा

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील बघा, दृष्टी नसताना आयएएस झाल्या! तुमच्या भाचीला त्यांचे व्हिडिओ दाखवा. जिद्द असली की सगळं जमतं!!

अंधुक

जिद्द आहे हो तिच्यात, म्हणून तर पुण्याला यायचं म्हणतेय. आम्हाला दर आठवड्याला कोणीतरी हे व्हिडिओ पाठवतं. त्याऐवजी एक प्रकरण युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलंत तर लगेच कामाला येईल. हलके घ्या.

बोलघेवडा

घेतलं. माझा टायपिंगचा वेग चांगला आहे, खरंच पाठवा एखादं प्रकरण.

मिरची_भजी

शिष्यवृत्तीचं कोणी लिहिलं नाही अजून. महाडीबीटीवर दिव्यांगांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, तिथे पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. इंजिनियरिंगवाल्यांसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) सक्षम शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आधार, बँक खातं आणि यूडीआयडीवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं असू द्या. माझ्या भावाचं एका कार्डावर वडिलांचं नाव मधे होतं, एकावर नव्हतं. तेवढ्यावरून अर्ज परत.

कर्णोपकर्णी

आणि कॉलेजने दादच दिली नाही तर? खडूफळा, तुम्ही आतल्या आहात म्हणून विचारतोय.

खडूफळा

प्राचार्य, मग विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग, मग पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते शिफारस करतात आणि संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. पण मुलाचं सत्र असतं पाच महिन्यांचं, त्यामुळे तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते बहुधा संपलेलं असतं. म्हणून मी पालकांना सांगते की तक्रार जरूर करा, पण त्याच दिवशी विषयशिक्षकाला एकटं गाठून वर्ड फाइलही मागा. दहातले सात शिक्षक देतात. उरलेल्या तिघांच्या नोट्स त्यांच्या स्वतःच्या नसतात म्हणून देत नाहीत, हे आमच्या स्टाफरूममधलं गुपित.

रेवा_सातारा

सगळ्यांचे किती आभार मानू! भाचीने पूर्ण धागा फोनवर ऐकला, अंधुक यांच्या "ई जी के जे के"ला खळखळून हसली. तिच्या अकरावीच्या इतिहासाच्या नोट्स अशाच होत्या म्हणे, तिला वाटायचं फोन बिघडलाय.

ताजी खबर. त्या पहिल्या कॉलेजात नाही घेतला प्रवेश. दुसरीकडे घेतला, वर्ग अनुदानित आहे. प्राचार्यांना अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत घेतली. त्यांनी अंतर्गत चाचण्यांना भरपाई वेळ लेखी मान्य केलाय. वर्ड फाइलबद्दल "शिक्षकांना विनंती करू" इतकंच. एफवायचे वर्ग पहिल्या मजल्यावर, ते हलवणार नाहीत, पण जिन्याला पट्टे मारून देतो म्हणाले. चौथं_चाक यांचं ऐकून बहीण आणि मी संध्याकाळी वसतिगृह बघायला गेलो. फाटकापासून दारापर्यंत एकही दिवा नाही. रेक्टरबाई म्हणाल्या बल्ब गेलाय, लावू. पुढच्या आठवड्यात पुन्हा संध्याकाळीच जाणार आहे.

लेखनिक अजून नाही. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कोणाचं मूल अकरावीत असेल आणि ऑक्टोबरमध्ये चार-पाच सकाळी देऊ शकत असेल तर सांगा.

आणि पहिल्या सत्राचं सूक्ष्म अर्थशास्त्र मराठीत, युनिकोडमध्ये, कोणाकडे आहे का?

आदूची_आई

माझी भाची वारज्याला राहते, अकरावी कॉमर्सला. तिच्या आईशी बोलून रविवारपर्यंत सांगते. तिची चाचणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते, ते टाळून बघावं लागेल.

खडूफळा

सूक्ष्म अर्थशास्त्राची माझी चार प्रकरणं आहेत, श्रीलिपीतली पण वर्ड फाइल. आज रात्री परिवर्तक चालवून बघते. आकृत्या चित्र म्हणून डकवलेल्या आहेत, त्यांचं वर्णन नाही. जोशीकाका आणि बोलघेवडा, दोन-दोन प्रकरणं वाटून घेता का? विपूमध्ये (विचारपूसमध्ये) ईमेल कळवा.

जोशीकाका_निवृत्त

विपू केली आहे. मला पहिली दोन द्या. मागणी वक्राचे वर्णन अंधुक यांनी वर लिहिले आहे तसेच ठेवू का?

अंधुक

तसंच ठेवा, फक्त म-मच्या जागी पुस्तकात जी अक्षरं असतील ती घ्या. पेपर तपासणारा तीच शोधतो.